वारसा निवास

ऐतिहासिक किंवा वास्तुशास्त्रीय महत्त्व असलेल्या जुन्या घरात पर्यटकांसाठी केलेल्या अल्पकालीन, सशुल्क राहण्याच्या सोयीस वारसा निवास असे म्हणतात. महाराष्ट्रात वाडे, गढ्या, संस्थानिकांचे राजवाडे व ब्रिटिशकालीन बंगले, तर गोव्यात पोर्तुगीजकालीन घरे या कारणासाठी वापरली जातात. वापरात असलेले घर टिकते आणि बंद पडलेले घर ढासळते, या अनुभवावर ही कल्पना आधारलेली आहे. तथापि घराची दुरुस्ती कशी होते आणि त्यात मूळ रहिवाशांना स्थान उरते किंवा नाही, यावर तिचे यश अवलंबून असते.

प्रकार

वारसा निवासाचे स्थूलमानाने तीन प्रकार आढळतात. पहिल्या प्रकारात संपूर्ण वास्तूचे हॉटेल केले जाते. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या वर्गीकरणात ‘वारसा हॉटेल’ या संज्ञेसाठी वास्तू १९५० पूर्वीची असावी लागते. दुसऱ्या प्रकारात मालकाचे कुटुंब घरातच राहते व काही खोल्या पाहुण्यांना देते. मंत्रालयाच्या निवास-न्याहारी योजनेत अशा खोल्यांची मर्यादा एक ते सहा आहे. तिसऱ्या प्रकारात सबंध घर काही दिवसांसाठी एकाच पाहुण्याच्या स्वाधीन केले जाते. २००८ मध्ये स्थापन झालेल्या एअरबीएनबीसारख्या संकेतस्थळांमुळे हा प्रकार शहरांत विशेष वाढला.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रातील अनेक वाडे विसाव्या शतकात जीर्ण झाले. एकत्र कुटुंबे विभागली गेली, तरुण पिढी नोकरीनिमित्त शहरांत गेली आणि मोठी घरे मोजक्या वृद्धांच्या हाती राहिली. पुण्यासारख्या शहरांत १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यामुळे वाड्यांतील भाडी गोठली. भाडेकरूंना निवाऱ्याची हमी मिळाली, परंतु मिळणाऱ्या भाड्यातून कौले बदलणेही मालकांना परवडेनासे झाले. पुढे जागांचे भाव वाढल्यावर अनेक वाडे पाडून तेथे इमारती उभ्या राहिल्या. दुरुस्तीचा खर्च घरातूनच निघावा, या विचाराला या पार्श्वभूमीवर महत्त्व आले.

वाड्याची रचना व दुरुस्ती

पारंपरिक वाड्यात दिंडी दरवाजा, देवडी, मोकळा चौक, त्याभोवतीची ओसरी, माजघर, देवघर, स्वयंपाकघर व मागील परसू असा क्रम असतो. दगडी जोत्यावर विटांच्या भिंती, तळखड्यांवर उभे सागवानी खांब, त्यांवर तुळया व कडीपाट अशी बांधणी आढळते. चौकामुळे आतील खोल्यांना उजेड व वारा मिळतो. त्यामुळे चौकावर कायमचे छप्पर घातल्यास घर अंधारते व कोंदट होते.

निवासासाठी सर्वांत अवघड बदल स्नानगृहाचा असतो. जुन्या घरांत न्हाणीघर व शौचकूप मुख्य घरापासून दूर, बहुधा परसात असत. पाहुण्यांना ते खोलीलगत हवे असते. लाकडी पाटणीच्या मजल्यावर पाण्याचे नळ नेल्यास गळतीने तुळया कुजण्याचा व वाळवी लागण्याचा धोका असतो. म्हणून ही सोय शक्यतो तळमजल्यावर किंवा परसातील नव्या बांधकामात करणे हितावह ठरते. चुन्यात बांधलेल्या भिंतींना सिमेंटचा गिलावा दिल्यास आतील ओल कोंडली जाते व भिंत पोखरते. दुरुस्तीही चुन्यातच करावी लागते. लाकडी घरात जुनाट वीजजोडणी हा आगीचा मोठा धोका असतो. लाकडी वास्तू आगीत किती सहज नष्ट होते, याचे उदाहरण म्हणजे पुण्याचा शनिवारवाडा. १८२८ च्या आगीनंतर तेथे प्रामुख्याने तटबंदी, दरवाजे व जोतीच उरली.

उदाहरणे

पुणे जिल्ह्यातील सासवडजवळची जाधवगढी पिलाजी जाधवराव यांनी १७१० मध्ये बांधली. आज ती वारसा हॉटेल आहे. सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा कलेवर आधारित सजावटीच्या खोल्यांत पाहुण्यांची सोय केली आहे. पणजीतील फोंतैन्यास भागात एकोणिसाव्या शतकातील घरात चालणारे निवासगृह परिचित आहे. परदेशांतील उदाहरणांत मुंबईत जन्मलेले लेखक रुडयार्ड किपलिंग यांचे अमेरिकेतील व्हरमाँट राज्यातील ‘नौलखा’ हे घर उल्लेखनीय आहे. ‘जंगल बुक’ तेथे लिहिले गेले. एका संवर्धन न्यासाच्या ताब्यातील हे घर पर्यटकांना राहण्यासाठी भाड्याने मिळते.

खंडाळा व परिसर

सातारा जिल्ह्यातील खंडाळा हे पुणे–सातारा मार्गावरील तालुक्याचे ठिकाण आहे. लोणावळ्याजवळील थंड हवेचे खंडाळा याहून वेगळे. याच तालुक्यातील नायगाव येथे ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाई फुले यांचा जन्म झाला. त्यांचे जन्मघर स्मारक म्हणून जतन केले आहे. खंबाटकी घाटापलीकडील वाई तालुक्यात मेणवली येथे नाना फडणवीसांचा वाडा व घाट आहे. ‘स्वदेस’ (२००४) या चित्रपटाचे चित्रीकरण मेणवलीत झाले. चित्रीकरण हेही जुन्या वास्तूला उत्पन्न मिळवून देणारे एक साधन ठरू शकते. पाचगणी व महाबळेश्वर येथे ब्रिटिशकालीन बंगल्यांचा पर्यटननिवासासाठी वापर होतो.

परक्याला घरात उतरवून घेण्याची प्रथा या भागाला नवी नाही. संत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी तालुक्यातील लोणंद येथे मुक्कामास असते, तेव्हा ग्रामस्थ वारकऱ्यांची निवासाची व भोजनाची सोय करतात. ही सोय सेवा म्हणून विनामूल्य होते, तर वारसा निवासात आदरातिथ्याचे मोल ठरलेले असते. मात्र दोन्हींमध्ये यजमान घरी असणे हाच स्वागताचा गाभा असतो.

मालकी व नियम

वाड्याची मालकी बहुधा अनेक वारसांत विभागलेली असते. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलींनाही मुलांइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. म्हणून निवास सुरू करण्यापूर्वी सर्व सहहिस्सेदारांची लेखी संमती व उत्पन्नाच्या वाटपाचा करार असणे इष्ट ठरते. गावठाणातील घराबाबत ग्रामपंचायतीचा नमुना ८ किंवा मिळकत पत्रिका तपासावी लागते. केंद्रीय संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई असून त्यापुढील २०० मीटर क्षेत्रात परवानगी आवश्यक असते. महाबळेश्वर–पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र असल्याने तेथील बांधकामावर निर्बंध आहेत. परदेशी पाहुण्यांची माहिती २४ तासांच्या आत शासनास कळवणे यजमानावर बंधनकारक आहे.

आक्षेप

वारसा निवासावरील मुख्य आक्षेप वस्तीच्या विस्थापनाचा आहे. पर्यटकांकडून मिळणारे दिवसाचे भाडे कायमच्या भाडेकरूपेक्षा अधिक असल्याने जुन्या शहरांतील घरे रहिवाशांना मिळेनाशी होतात. स्पेनमधील बार्सिलोना महापालिकेने याच कारणास्तव २०२८ पर्यंत सुमारे दहा हजार पर्यटक सदनिकांचे परवाने संपुष्टात आणण्याचा निर्णय २०२४ मध्ये जाहीर केला. दुसरा आक्षेप इतिहासाच्या सजावटीचा आहे. पगडी, समई व नक्षीचे झुंबर मांडून वाडा ‘पेशवाई’ दिसतो. पण त्यात धान्य दळणाऱ्या, पाणी भरणाऱ्या व झाडलोट करणाऱ्या माणसांचा, तसेच उंबरठ्याबाहेर ठेवल्या गेलेल्यांचा इतिहास बहुधा येत नाही.

खेड्यांतील बंद वाड्यांची स्थिती शहरांहून वेगळी आहे. तेथे घर रिकामे करून घ्यावे लागत नाही, ते आधीच रिकामे असते. अशा ठिकाणी मालक किंवा गावातील कुटुंब घर सांभाळत असेल, स्वयंपाक, सुतारकाम व गवंडीकाम गावातच राहत असेल आणि उत्पन्नाचा ठरावीक भाग दुरुस्तीसाठी राखला जात असेल, तर निवासामुळे घराबरोबर गावातील रोजगारही टिकतो.