फ्लीरच्या खोऱ्यातला मठ

वेल्सच्या पश्चिम भागात, केरेडिगियन परगण्यात, पाँटरीडवेंदिगाइद नावाचं एक छोटं गाव आहे. नावाचा अर्थ ‘पवित्र उतारावरचा पूल’. नदी पायी ओलांडता येते त्या उताराजवळचा हा पूल. गावकरी एवढं लांबलचक नाव घेत बसत नाहीत, नुसतं ‘बाँट’ म्हणतात, म्हणजे पूल. गावातून निघालेला एक अरुंद रस्ता मैलभर चालून डोंगराच्या पायथ्याशी येतो. दोन्ही बाजूंना कुरणं, दगडी कुंपणं, मेंढ्या. आणि समोर एक दार उभं दिसतं. फक्त दार. त्याच्या मागे छप्पर नाही, भिंती आहेत त्या बहुतेक गुडघाभर उंचीच्या, आणि कमानीतून पलीकडचा डोंगर दिसतो.

ही स्त्राता फ्लोरिडा मठाची जागा. नाव लॅटिन आहे, पण ते वरून चढवलेलं. मूळ वेल्श नाव ‘अस्त्राद फ्लीर’. अस्त्राद म्हणजे नदीचं रुंद, सपाट खोरं आणि फ्लीर हे तिथल्या एका ओढ्याचं नाव. लॅटिनमध्ये लिहिताना ओढ्याची फुलं झाली आणि खोरं फुलांचं झालं.

वेल्समधले मठांचे अवशेष म्हटलं की बहुतेकांना टिंटर्न आठवतं. वाय नदीच्या काठचं ते भव्य चर्च खरोखरच बघण्यासारखं आहे. 1131 साली स्थापन झालेला तो मठ. टर्नरने त्याची चित्रं काढली, वर्ड्‌सवर्थच्या 1798 सालच्या कवितेने त्याचं नाव जगभर नेलं. तिथे भिंती आकाशापर्यंत उभ्या आहेत. फ्लीरच्या खोऱ्यात त्या मानाने डोळ्यांना फार थोडं मिळतं. तरीही मला विचाराल तर वेल्समध्ये एकच मठ बघायचा असेल, तर तो हा. कारण एका जिंकल्या गेलेल्या लोकांची कविता इथे कुणीतरी बसून लिहून काढली, आणि त्यामुळे ती आजही वाचता येते.

परक्यांनी घातलेला पाया

सिस्टर्शियन हा संन्याशांचा पंथ मूळचा फ्रान्समधला. 1098 साली बर्गंडीतल्या सितो इथे तो सुरू झाला. इतर मठांमधलं वैभव आणि खाणंपिणं बघून उबगलेल्या साधूंनी ठरवलं, की वस्तीपासून दूर राहायचं, स्वतःच्या कष्टावर जगायचं, चर्चमध्ये भपका ठेवायचा नाही. कपडे न रंगवलेल्या लोकरीचे, म्हणून लोक त्यांना पांढरे साधू म्हणत. डोंगराळ, ओसाड, मेंढ्यांना सोयीचा वेल्स या पंथाला जणू मोजून बेतल्यासारखा होता. पुरुषांचे तेरा मठ वेल्समध्ये उभे राहिले.

अस्त्राद फ्लीरची स्थापना 1164 सालची. संस्थापक रॉबर्ट फिट्‌झस्टीफन हा नॉर्मन सरदारांच्या बाजूचा, कार्डिगनच्या किल्ल्याचा किल्लेदार. म्हणजे मठ आला तो जेत्यांच्या हाताने. पण वर्षभरातच देहायबार्थ या वेल्श राज्याच्या रीस अप ग्रिफिदने केरेडिगियन परत जिंकून घेतलं. वेल्श लोक त्याला ‘रीस स्वामी’ म्हणतात. शत्रूने वसवलेला मठ त्याने मोडला नाही. तो आपल्या पदरी घेतला, जमिनी दिल्या, 1184 साली तसं दानपत्र करून दिलं. याच रीसने 1176 च्या नाताळात कार्डिगनच्या किल्ल्यात कवींची आणि गवयांची मोठी स्पर्धा भरवली होती आणि जिंकणाऱ्यांना मानाच्या खुर्च्या दिल्या होत्या. आजच्या आइस्टेडवॉड महोत्सवाची परंपरा वेल्श माणूस तिथपर्यंत नेतो. असा आश्रयदाता मिळाल्यावर मठाची भाषा बदलायला वेळ लागला नाही. प्रार्थना लॅटिनच राहिली, पण आतली माणसं वेल्श झाली आणि निष्ठाही वेल्श झाली.

आधीची जागा दोन-तीन किलोमीटर दूर होती. आज दिसतो तो मठ तैवी नदीच्या काठी नव्याने बांधलेला आहे. साधू नव्या चर्चमध्ये राहायला आले ते 1201 साली, पेंटेकॉस्टच्या सणाच्या आदल्या दिवशी. चर्च दोनशे फुटांहून लांब होतं. कोरीव कामासाठी लागणारा मऊ दगड इथे मिळत नाही. तो इंग्लंडच्या बाजूने समुद्रमार्गे अॅबरार्थच्या किनाऱ्याला उतरवायचा आणि तिथून डोंगरातून ओढत आणायचा. त्याच अॅबरार्थला साधूंनी भरती-ओहोटीवर मासे अडवण्यासाठी दगडी बांध घातले होते. पूर्वेकडे मठाच्या चराऊ जमिनी डोंगरमाथ्यावरून पार एलान खोऱ्यापर्यंत पसरल्या होत्या. लोकर हाच खरा पैसा.

दार

आता दाराजवळ या. पश्चिमेचा हा दरवाजा अर्धगोल कमानीचा आहे. अशा कमानीत साधारणपणे दोन्ही बाजूंना छोटे खांब असतात, खांबांवर कोरलेले माथे असतात आणि माथ्यांवरून कमान सुरू होते. इथे खांब कुठे संपतो आणि कमान कुठे सुरू होते, हे सांगताच येत नाही. दगडाच्या गोल, जाड वळकट्या एकात एक बसवलेल्या. प्रत्येक वळकटी जमिनीतून उगवते, वर जाते, वळते आणि पलीकडे पुन्हा जमिनीत उतरते. मध्ये कुठेही तुटत नाही. आणि मोळी सुटू नये म्हणून दोरीने बांधावी, तशा या वळकट्या ठराविक अंतरांवर आडव्या पट्ट्यांनी बांधलेल्या आहेत. प्रत्येक पट्टीचं टोक बाहेर येऊन गोगलगाईच्या शंखासारखं गुंडाळलेलं. बोट फिरवलं तर ते वेटोळं अजूनही बोटाला नीट लागतं.

भपका नको म्हणणाऱ्या पंथाने एवढी हौस कशी केली, असा प्रश्न पडतो. माझ्या मते ही हौस पंथाची नाही, देशाची आहे. न तुटणारी, पुन्हा स्वतःकडे वळणारी रेघ वेल्सच्या फार जुन्या कोरीव दगडांवरही दिसते.

आत गेल्यावर चर्चच्या आडव्या भुजेतल्या छोट्या देवळ्यांमध्ये मध्ययुगीन फरशी उरली आहे. पावसापासून वाचवायला तिच्यावर आता साधं छप्पर घातलं आहे. भाजलेल्या मातीच्या चौकोनी फरश्या, त्यांवर पंख असलेले सिंह-गरुड, घराण्यांची चिन्हं. एका फरशीवर एक नटलेला तरुण हातात आरसा धरून स्वतःकडे बघतो आहे. रूपाच्या मोहाबद्दलचा तो इशारा असावा. सहाशेहून अधिक वर्षं तो आरशात बघतोच आहे.

चर्चच्या मध्यभागी, साधू जिथे गायला बसत तिथे, जमिनीत एक दगडी कुंड खोदलेलं आहे, पायऱ्या असलेलं. असं कुंड अशा ठिकाणी सहसा नसतं. एकमेकांचे पाय धुण्याच्या विधीसाठी ते असावं असं काहींना वाटतं, तर काही म्हणतात की मठाआधीचा पवित्र झरा इथे होता. बाहेर, आडव्या भुजेला लागून, थडग्यांवरच्या कोरीव शिळा ओळीने पडल्या आहेत. रीसच्या घराण्यातले कितीतरी जण इथे पुरले गेले. त्याचा मुलगा ग्रिफिद गेला तो, चर्च वापरात आलं त्याच 1201 साली.

राजांची वक्रदृष्टी

वेल्श राजांचा लाडका मठ इंग्लंडच्या राजांच्या डोळ्यांत खुपणारच. 1212 साली जॉन राजाने आपल्या सरदाराला लेखी हुकूम दिला, की आमच्या शत्रूंना थारा देणारा हा मठ पाडून टाक. पाडापाडी टळली, पण 1200 मार्कांचा जबर दंड बसला आणि तो फेडता फेडता मठाची दशकं गेली. पुढे 1238 साली थोर लिवेलिनने वेल्सच्या साऱ्या राजांना इथेच बोलावलं आणि आपला मुलगा दाविद याच्याशी इमान राखण्याची शपथ घ्यायला लावली. राजवाड्यात नव्हे, किल्ल्यात नव्हे, या मठात. सगळ्यांना आपली वाटेल अशी जागा वेल्समध्ये बहुधा दुसरी नव्हती.

11 डिसेंबर 1282 रोजी वेल्सचा शेवटचा राजा लिवेलिन मारला गेला आणि स्वतंत्र वेल्सचा शेवट झाला. त्यानंतर काही वर्षांतच मठाला वीज पडून आग लागली आणि पुढे 1294-95 च्या बंडात तो पुन्हा जळाला. 1401 साली ओवाइन ग्लिंडूरच्या इंग्रजांविरुद्धच्या उठावात चौथ्या हेन्रीच्या फौजेने इथे तळ ठोकला, साधूंना हाकललं. 1539 साली आठव्या हेन्रीने मठ कायमचा बंद केला. छपराचं शिसं गेलं, दगड आसपासच्या घरांना आणि कुंपणांना लागले. शेजारी उभं असलेलं शेतघर ‘मनाखलोग वाउर’ म्हणजे ‘मोठा मठ’ हे नाव आजही लावतं.

मातीखाली गेलेला पाया पुन्हा उघडा केला स्टीफन विल्यम्स या गृहस्थाने, 1880 च्या दशकाच्या अखेरीस. तो रेल्वेच्या कामातला माणूस. मँचेस्टर आणि मिलफर्ड जोडायचं स्वप्न बाळगलेली एक रेल्वे या भागातून गेली होती आणि तिच्या एका स्टेशनला मठाचंच नाव होतं. रेल्वे केव्हाच बंद पडली. 1931 पासून अवशेषांची देखभाल सरकारकडे आहे, आता ‘काडू’ या संस्थेकडे. काडू हा वेल्श शब्द, अर्थ ‘जपून ठेवणं’.

कोऱ्या पानांची वही

आणि आता ज्यासाठी मी हे सगळं सांगितलं ते.

वेल्सचा मध्ययुगीन इतिहास आज ज्या बखरीवरून सांगितला जातो ती ‘ब्रीट अ तवसोगियन’, म्हणजे ‘राजांची बखर’. ती 1282 सालपर्यंत येते. तिचं मूळ लॅटिन हस्तलिखित हरवलं, पण ते याच मठात तयार झालं असावं असं अभ्यासक मानतात. वेल्श कथांचा मोठा ठेवा असलेली ‘रदेर्खची पांढरी पोथी’ हीदेखील साधारण 1350 च्या सुमाराला बहुधा इथेच नकलली गेली.

पण माझं मन अडकतं ते तिसऱ्या पोथीत. 1300 च्या सुमाराला, म्हणजे राजे संपल्यावर, मठ जळाल्यावर, इथल्या एका लेखनिकाने चामड्याची पानं घेतली आणि राजकवींच्या रचना गोळा करून लिहायला सुरुवात केली. दोनशे वर्षांच्या काळातले दरबारी कवी. ज्यांची स्तुती त्या कवींनी गायली ते दरबार आता उरले नव्हते. दक्षिणा देणारं कुणी नव्हतं. तरी त्याने कवीवार विभाग पाडले, एकेकाच्या रचना क्रमाने उतरवल्या आणि प्रत्येक विभागाच्या शेवटी पानं कोरी सोडली. पुढे आणखी कविता सापडल्या तर लिहायला जागा हवी म्हणून. आणि त्या सापडल्या. त्याच्यानंतरच्या अनेक हातांनी ती पानं भरत नेली. या लेखनिकाचं नाव कुणाला ठाऊक नाही. अभ्यासक त्याला ‘अल्फा’ म्हणतात.

पुढे पोथी हातोहाती फिरली आणि नाहीशी झाली. 1910 साली उत्तर वेल्समधल्या हेन्द्रेगादरेद नावाच्या एका वाड्यातल्या कपाटात ती सापडली, म्हणून तिला आज त्या वाड्याचं नाव आहे. ती आता अॅबरिस्टविथच्या वेल्श राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. अस्त्राद फ्लीरहून मोटारीने जेमतेम तासाभराच्या आत पोहोचता येतं. जाणाऱ्याने दोन्ही ठिकाणं एकाच दिवशी करावीत, असं मी आवर्जून सांगेन. आधी दार बघावं, मग अक्षरं.

मठाच्या आवाराला लागून सेंट मेरीचं छोटं चर्च आहे. त्याच्या दफनभूमीत एक थडगं नुसत्या पायाचं आहे. पिंपं करणाऱ्या एका कारागिराचा डावा पाय कापावा लागला, तो 18 जून 1756 रोजी इथे पुरला, असं दगडावर कोरलं आहे. बाकीचा माणूस पुढे अमेरिकेला गेला, असं सांगतात. अर्धं शरीर तरी आपल्या मातीत राहावं, एवढी ओढ असलेली ही जागा आहे.

तिथेच एक जुनं यू वृक्षाचं झाड आहे, वीज पडून मधोमध फाटलेलं आणि तरीही हिरवं. चौदाव्या शतकातला दाविद अप ग्विलिम हा वेल्श भाषेचा सर्वश्रेष्ठ कवी या झाडाखाली चिरविश्रांती घेतो आहे, अशी परंपरा. त्याच्या समकालीन कवीने मठाजवळच्या त्याच्या यू वृक्षावर कविता केली होती. 1951 साली इथे त्याचा स्मृतिफलक बसवला गेला. दाविदने राजे गायले नाहीत. त्याने मुली गायल्या, पक्षी गायले, मे महिना आणि धुकं गायलं.

अल्फाने कोऱ्या सोडलेल्या पानांवर पुढे ज्यांनी लिहिलं, त्यांत दाविदच्या काळातले हातही आहेत. त्या पानांवर दाविदची एक रचना आहे. हस्तलिखितांच्या अभ्यासकांनी त्या अक्षराचं वळण, त्यातल्या लेखनाच्या सवयी तपासून एक कयास बांधला आहे, की हे लिहिणारा हात कदाचित खुद्द कवीचा असावा.