अपडेटनंतर विंडोज गेलं कुठं?

एकाच लॅपटॉपवर लिनक्स आणि विंडोज दोन्ही ठेवणाऱ्यांना हा धक्का हमखास बसतो. उबुंटू अपडेट केलं, मशीन पुन्हा सुरू केलं, तर सुरुवातीच्या यादीतून विंडोज गायब! बहुतेक वेळा डिस्कवरचं विंडोज जागच्या जागी असतं. फक्त यादी बनवणाऱ्या ग्रबने त्याचं नाव गाळलेलं असतं. त्यामुळे घाबरून फॉरमॅट मारू नका.

इतर सिस्टिम शोधण्याचं काम ओएस-प्रोबर नावाचा छोटा प्रोग्रॅम करतो. 2021 मध्ये आलेल्या ग्रब 2.06 पासून सुरक्षेच्या कारणास्तव तो मुळातच बंद ठेवलेला असतो. कारण पटण्यासारखं आहे, पण वापरणाऱ्याला ते सांगतो कोण?

उपाय सोपा आहे. ईटीसी फोल्डरमधल्या डिफॉल्ट फोल्डरात ग्रब नावाची फाइल असते. आधी तिची प्रत काढून ठेवा. मग ॲडमिनचे अधिकार घेऊन ती उघडा आणि ओएस-प्रोबर ‘डिसेबल’ करण्याच्या ओळीपुढे ‘फॉल्स’ लिहा. ओळीच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह असेल तर तेही काढा, नाहीतर ती ओळ वाचलीच जात नाही. फाइल सेव्ह करून टर्मिनलमध्ये ‘सुडो अपडेट-ग्रब’ चालवा. विंडोज सापडल्याची ओळ तिथेच दिसते.

यादी किती सेकंद थांबते आणि आपोआप काय निवडते, हेही याच फाइलमध्ये ठरतं. नव्या कर्नलने स्क्रीन काळी राहत असेल, तर मात्र यादीतल्या ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून जुना कर्नल निवडून पाहा.