अंदाजावर घर चालत नाही

इस्लाममध्ये विवाह हा करार आहे आणि तो चारचौघांत बोलून होतो. निकाहाच्या वेळी वधूची संमती विचारली जाते, पतीने पत्नीला द्यायच्या महरची रक्कम सांगितली जाते, साक्षीदारांसमोर वर 'कबूल है' म्हणतो आणि निकाहनाम्यावर सह्या होतात. संसाराची सुरुवात अशी स्पष्ट शब्दांनी होते. पुढे मात्र अनेक घरांत बोलणे कमी आणि अंदाज जास्त, अशी स्थिती येते.

रमजानमध्ये हे अधिक जाणवते. सहेरीसाठी घरातली स्त्री सर्वांआधी उठते आणि इफ्तारच्या वेळीही तीच चुलीपाशी असते. पती दिवसभर रोजा धरून कामावर राबतो. आपण थकलो आहोत हे यांना दिसायला नको का, असे तिला वाटते. ईदच्या खर्चाची ओढाताण हिला कळायला नको का, असे त्याला वाटते. दोघेही गप्प राहतात. मग रोजा असल्याने चव न पाहता केलेल्या भज्यांत मीठ कमी पडते आणि तेवढ्यावरून दस्तरखानवर भांडण होते. भांडण मिठाचे नसतेच.

पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांच्या जीवनातील एक प्रसंग रमजानचाच आहे. अखेरच्या दहा दिवसांत ते मशिदीत एतिकाफला, म्हणजे उपासनेसाठी एकांतवासात होते. रात्री पत्नी हजरत सफिया (र.) भेटायला आल्या. बोलणे झाल्यावर पैगंबर त्यांना पोहोचवायला उठले. तेवढ्यात दोन अनुयायी तेथून भराभर पुढे निघाले. पैगंबरांनी त्यांना थांबवले आणि ही सफिया आहे, असे सांगितले. आपल्याबद्दल शंका कशी घेऊ, म्हणून ते दोघे ओशाळले. पण सैतान माणसाच्या मनात काहीही घालू शकतो, हे पैगंबरांनी त्यांना समजावले. ज्यांच्या चारित्र्याला पुराव्याची गरज नव्हती, त्यांनीही समोरच्याला तर्क करत बसू दिले नाही.

घरातही त्यांची हीच रीत होती. हजरत आयेशा (र.) नाराज असल्या की शपथ घेताना पैगंबरांचे नाव टाळून हजरत इब्राहीम (अ.) यांच्या पालनकर्त्याची शपथ घेत. पैगंबरांनी हे ओळखले आणि मनात न ठेवता त्यांना सांगितले. त्यांनीही ते मोकळेपणाने मान्य केले. फक्त नावच टाळते, असे त्या म्हणाल्या. रुसवा बोलण्यातून हलका झाला.

कुरआनच्या 'अल-बकरा' या सूरहनुसार, बाळाचे दूध दोन वर्षांआधी तोडायचे असेल, तर आई-वडिलांनी एकमेकांच्या संमतीने आणि सल्ल्याने ठरवावे. दूध तोडण्यासाठी जर सल्लामसलत हवी, तर घर, कर्ज, मुलीचे शिक्षण यांसाठी ती किती हवी!

पैशाच्या बाबतीत तर मौन फार महाग पडते. रमजानमध्ये अनेक घरांत अडीच टक्के जकातीचा हिशेब होतो. हनफी मतानुसार पत्नीच्या सोन्याची जकात तिची जबाबदारी आहे. पती भरेल असे ती समजते, ती भरेल असे तो समजतो आणि वर्ष तसेच जाते. काही घरांत तर दागिने गहाण पडल्याचे पत्नीला बँकेची नोटीस आल्यावरच कळते. तेव्हा तुटतो तो विश्वास, आणि तो हप्त्यांनी फेडता येत नाही.

कोणी भांडायला आले तर 'मी रोजेदार आहे' असे सांगावे, ही पैगंबरांची शिकवण. रोजा जिभेला आवर घालतो, पण मुके राहायला सांगत नाही. म्हणून उपाशीपोटी वाद काढू नये आणि विषय दडपूही नये. इफ्तार, मगरिबची नमाज झाली, चहा झाला की दहा मिनिटे बसावे. काय हवे आहे, काय झेपत नाही, किती पैसे आहेत, हे साध्या शब्दांत सांगावे आणि समोरच्याचे पूर्ण ऐकावे. सुनेला माहेरी इफ्तारला जायचे असेल तर तिने सासूला विचारावे. सासूला मदत हवी असेल तर तिने ती मागावी. घर कोणत्याही धर्माचे असो, मनातले ओळखण्याची परीक्षा घेण्यापेक्षा हे सोपे आहे.