न दिसणाऱ्या उन्हाची वीज

मे महिन्यात धुळ्याच्या देवपुरात गच्चीवर घातलेले बिबडे बघता बघता खडखडीत वाळतात. पण त्या उन्हातलं जेमतेम निम्मंच आपल्याला दिसतं! जमिनीवर पोहोचणाऱ्या सौर ऊर्जेतला जवळपास अर्धा वाटा अवरक्त किरणांचा असतो. विल्यम हर्शेल यांनी १८०० साली लोलकातून पडलेल्या रंगपट्ट्यात तांबड्याच्याही पलीकडे, जिथे काहीच दिसत नव्हतं तिथे, थर्मामीटर ठेवला आणि पारा चढला; ते हेच किरण.

धुळे जिल्ह्यातच, साक्री तालुक्यातल्या शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे. सिलिकॉनचं पॅनेल ११०० नॅनोमीटरपर्यंतचे अवरक्त किरण पकडतं, पण दिसणारा प्रकाशही गिळून टाकतं. खिडकीच्या काचेतूनच वीज हवी, तर फक्त अदृश्य ऊन टिपायचं आणि उजेड सोडून द्यायचा, हे कसं साधायचं?

उत्तर पॉलिमरमध्ये सापडलं. प्लॅस्टिकच्या जातीचा पदार्थ वीज वाहू शकतो, हे हीगर, मॅकडायर्मिड आणि शिराकावा यांनी १९७७ मध्ये दाखवलं. २००० साली त्यांना नोबेल मिळालं. पुढे रसायनशास्त्रज्ञांनी इलेक्ट्रॉन देणारे आणि ओढून घेणारे तुकडे एकाच रेणूत आलटून पालटून गुंफले, पोतीत काळे आणि सोन्याचे मणी ओवावेत तसे. त्यामुळे इलेक्ट्रॉन सुटायला लागणारी ऊर्जा इतकी घटली, की अवरक्त किरणाचा अशक्त धक्काही पुरू लागला!

पण उसळलेला इलेक्ट्रॉन आपली रिकामी जागा सहज सोडत नाही. साधारण १० नॅनोमीटरच्या आत त्याला ओढून घेणारा दुसरा पदार्थ भेटला नाही, तर तो परत जागेवर बसतो आणि वीज हुकते. म्हणून दोन्ही पदार्थ एकमेकांत अगदी बारीक मिसळतात. हा अख्खा थर असतो १०० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे केसापेक्षा शेकडो पटींनी पातळ.

२०१२ मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात यांग यांग यांच्या गटाने असा पारदर्शक सौरघट बनवला. जास्तीत जास्त ६६ टक्के उजेड आरपार जायचा, तरी ४ टक्के ऊर्जेची वीज व्हायची. आज पॉलिमरसारख्या सेंद्रिय पदार्थांचे प्रयोगशाळेतले अपारदर्शक घट १९ टक्क्यांच्याही पुढे पोहोचले आहेत.

रात्री भिंतीतून येणारी धग मात्र या घटांना पकडता येत नाही. तीही अवरक्तच, पण तिची तरंगलांबी १०,००० नॅनोमीटरच्या घरातली, म्हणून धक्का फारच दुबळा. शिवाय हवा, ओल आणि अतिनील किरण पॉलिमरला लवकर थकवतात.

ही टिकाऊपणाची उणीव भरून निघाली, तर खानदेशाइतका याचा लाभ कुणाला? इथे उन्हाळ्यात धग टाळायची तर उजेडही बाहेर ठेवावा लागतो. असे घट बसवलेली खिडकीची काच उजेड आत घेईल, धगीचा काही भाग अडवेल आणि त्यातूनच घरातला पंखा फिरवेल.