जंगलातला ब्रॉडवे

५ मार्च १९४४. आसामात सिलचरजवळच्या लालाघाट इथे संध्याकाळी डकोटा विमानं रांगेत उभी होती. एकेका विमानाच्या मागे लांब दोराने जोडलेली दोन-दोन ग्लायडर होती आणि त्यांत माणसं बसायच्या तयारीत होती. एवढ्यात नुकत्याच काढलेल्या हवाई छायाचित्रांची पाकिटं येऊन पोहोचली. उत्तर ब्रह्मदेशात जपानी सैन्याच्या पिछाडीला जंगलातली दोन मोकळी मैदानं उतरण्यासाठी निवडली होती. एकाला पिकॅडिली नाव दिलं होतं, दुसऱ्याला ब्रॉडवे. पिकॅडिलीवर सगळीकडे झाडांचे ओंडके आडवे पडलेले दिसत होते.

जपान्यांना सुगावा लागला, अशीच शंका सगळ्यांना आली. ब्रिटिश सेनापती जनरल स्लिम आणि मोहिमेचा प्रमुख ऑर्ड विंगेट दोघंही तिथे हजर होते. बेत रद्द करायचा की नाही, हे उभ्या-उभ्या ठरवायचं होतं. निर्णय झाला: सगळी ग्लायडर ब्रॉडवेवरच न्यायची. ते ओंडके लाकूडतोड्यांनी वाळवण्यासाठी पसरले होते, हे नंतर कळलं.

विंगेटच्या सैनिकांना चिंडिट म्हणत. ब्रह्मी देवळांच्या दाराशी चिंथे नावाचा सिंहासारखा प्राणी बसवलेला असतो, त्यावरून हे नाव पडलं. आदल्या वर्षी ते पायी शिरले होते आणि जखमींना जंगलात सोडून यावं लागलं होतं. या वेळी त्यांना शत्रूच्या पाठीमागेच विमानतळ हवा होता. विमानतळ असला की रसद, खेचरं, दारूगोळा आत आणि जखमी बाहेर. पण तो बांधणारी माणसं आणि यंत्रं आधी उतरवायची कशी? उत्तर होतं, ग्लायडर. अमेरिकन हवाई दलाच्या कोक्रन आणि ॲलिसन यांनी त्याची सिद्धता केली होती.

ती रात्र भयंकर गेली. डोंगररांगा ओलांडताना ओझ्याने दोर तुटले आणि कित्येक ग्लायडर वाटेतच खाली गेली. जी पोहोचली त्यांना अंधारात जमीन सपाट भासली. प्रत्यक्षात हत्तींनी ओढून नेलेल्या सागाच्या ओंडक्यांनी तिथे खोल चर पडले होते आणि वाढलेल्या गवताने ते झाकले होते. चाकं त्यात अडकून मोडत. मोडकं ग्लायडर बाजूला ओढेपर्यंत मागचं त्याच्यावर येऊन आदळे. ग्लायडरला इंजिन नसतं, चुकलं तर पुन्हा घिरटी घालून येता येत नाही. सुमारे तीस माणसं त्या रात्री मेली. बुलडोझर असलेलं एक ग्लायडर झाडांत घुसलं. आतला बुलडोझर पुढे सुटला, पण त्याला बांधलेल्या दोराने ग्लायडरचं बिजागरीचं नाक वर उचललं, बुलडोझर खालून निघून गेला आणि वैमानिक वाचले. त्या रात्री उतरलेल्या वैमानिकांत जॅकी कूगनही होता, चॅप्लिनच्या ‘द किड’मधला तो पोरका मुलगा.

मैदानावरचा ब्रिगेडियर माइक कॅल्व्हर्ट याने रेडिओवरून ‘सोया लिंक’ एवढाच संकेत पाठवला. शिध्याच्या डब्यातल्या, सैनिकांना नकोशा झालेल्या सोयाच्या सॉसेजचं हे नाव. अर्थ: संकट आहे, विमानं थांबवा.

माझ्या मते ब्रॉडवेचा खरा इतिहास इथून पुढे, ६ मार्चच्या सकाळी सुरू होतो. अभियंत्यांचा प्रमुख कॅप्टन केसी अपघातात मेला होता. उरला तरुण लेफ्टनंट रॉबर्ट ब्रॉकेट. धावपट्टी होईल का, असं त्याला विचारलं तेव्हा त्याने संध्याकाळपर्यंत देतो म्हणून सांगितलं. जे यंत्र शाबूत होतं ते चाललं. बाकी काम फावड्यांनी आणि हातांनी. रात्रभर न झोपलेली, आपले मित्र नुकतेच गमावलेली माणसं दिवसभर उन्हात चर बुजवत, गवत कापत, उंचवटे खणत राहिली. ‘पोर्क सॉसेज’ हा दुसरा, आनंदाचा संकेत लालाघाटला गेला. त्याच रात्री साठाहून अधिक डकोटा त्या पट्टीवर उतरली.

इरावतीच्या दक्षिणेला कलकत्त्यातल्या रस्त्याचं नाव दिलेली चौरंगी ही आणखी एक पट्टी झाली. काही दिवसांतच ती सोडून दिली. त्यानंतर जपान्यांनी तिथे बॉम्ब टाकले, तेव्हा तिथे कुणी नव्हतं. दोन्ही पट्ट्यांवर मिळून आठवड्याभरात नऊ हजारांवर माणसं आणि तेराशेच्या वर जनावरं उतरली. मुख्यतः खेचरंच. ती ओरडून ठावठिकाणा कळू नये म्हणून कितीएकांचे आवाज आधीच शस्त्रक्रियेने काढून टाकले होते. हा तपशील वाचताना मला आजही वाईट वाटतं. त्या मुक्या जनावरांना युद्धाशी काय देणंघेणं होतं?

पुढे ब्रॉडवेवर स्पिटफायर विमानं आणली गेली, जपानी हवाई हल्ल्यांत त्यांतली काही नष्ट झाली. मार्चच्या अखेरीस जमिनीवरूनही हल्ला आला, तो गुरखा सैनिकांनी आणि त्यांच्या साथीदारांनी परतवला. विंगेट मात्र २४ मार्चलाच विमान कोसळून मणिपूरच्या डोंगरांत मरण पावला होता. मेच्या मध्यात उरलेली तुकडी निघाली आणि ब्रॉडवे ओस पडला. तो जेमतेम दहा आठवडे चालला.

या मोहिमेच्या पुस्तकांत विंगेटला भरपूर पानं मिळतात, ब्रॉकेटला एखादा परिच्छेद. ब्रॉडवेपुरतं तरी पहिलं नाव ब्रॉकेटचं यायला हवं, आणि त्याच्यासोबत त्या दिवशी फावडं धरलेल्या प्रत्येकाचं.