हिमराजाची गोष्ट

पावसाळ्यावर निबंध लिहावयास सांगितला, तर बेडूक आणि छत्री कोणाच्या वहीत येत नाहीत? एवढ्यावरून एकाने दुसऱ्याचे चोरले, असे म्हणता येत नाही. मग उचललेले लेखन ओळखावे तरी कसे? अमेरिकेत १८९२ साली हा प्रश्न एका लहान मुलीच्या बाबतीत उभा राहिला.

त्या मुलीचे नाव हेलन केलर. दीड वर्षाची असतानाच आजाराने तिची दृष्टी व श्रवणशक्ती गेली होती. ॲन सलिव्हन या शिक्षिकेने तिच्या तळहातावर बोटांनी अक्षरे उमटवून तिला भाषा शिकविली. अकरा वर्षांची झाली तेव्हा हेलनने ‘हिमराजा’ नावाची गोष्ट लिहिली आणि बॉस्टन येथील पर्किन्स अंधशाळेचे संचालक मायकेल अनाग्नोस यांना वाढदिवसाची भेट म्हणून पाठविली. त्यांनी ती मोठ्या कौतुकाने छापली. परंतु लवकरच लोकांच्या ध्यानात आले, की मार्गारेट कॅनबी या लेखिकेची ‘हिमपऱ्या’ ही गोष्ट अगदी अशीच आहे. आणि ती तर हेलनच्या जन्मापूर्वी प्रसिद्ध झालेली!

दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहण्यात आल्या. शरदऋतूत पाने रंगतात, हे कोणासही सुचेल. पण दोहोंत राजाचे रत्नभांडार आहे. रत्नांची भांडी नेणाऱ्या पऱ्या वाटेत खेळात रमतात. सूर्य ती रत्ने वितळवितो आणि त्यांचे रंग पानांवर पसरतात. प्रसंग तेच, त्यांचा क्रम तोच, कित्येक ठिकाणी शब्दही तेच. इतके सारे योगायोगाने जुळत नाही. हेलनच्या गोष्टीचा उगम कॅनबीबाईंच्या गोष्टीत होता, यात शंका उरली नाही.

मात्र साम्यावरून उगम कळतो, हेतू कळत नाही. आपण ती गोष्ट कधी ऐकली, हे हेलनला काही केल्या आठवेना. संस्थेतील चार अंध व चार डोळस अशा आठ जणांपुढे तिची चौकशी झाली. सलिव्हनबाईंना बाहेर जावयास सांगितले होते. अकरा वर्षांच्या मुलीस असे एकटे उभे करणे कठोरच म्हटले पाहिजे. चौघांना ती दोषी वाटली, चौघांना वाटली नाही. त्या रात्री ती अंथरुणात पडून खूप रडली.

पुढे शोधाअंती उलगडा झाला. १८८८ च्या उन्हाळ्यात सलिव्हनबाई सुटीवर असताना श्रीमती हॉपकिन्स यांनी आठ वर्षांच्या हेलनला अनेक पुस्तके हातावर अक्षरे उमटवून ऐकविली होती. त्यांत कॅनबीबाईंचे पुस्तक होते, अशी त्यांची खात्री होती. त्या वेळी हेलनला अर्थ फारसा कळला नसावा; शब्द मात्र मनात रुजून राहिले, आणि तीन वर्षांनी ते तिला आपलेच वाटले.

स्वतः कॅनबीबाईंनी तिला मायेचे पत्र लिहिले. तरीही ती भीती गेली नाही. त्यानंतर कितीतरी दिवस आईला साधे पत्र लिहितानाही हेलन मध्येच थबके, आणि हे वाक्य आपण कोठे वाचले तर नाही ना, म्हणून ते बोटांनी पुन्हा पुन्हा चाचपून पाही.