बेडरूमच्या भिंती स्वतः रंगवायच्यात?

दसरा-दिवाळीच्या आधी पेंटर मिळत नाही. मिळाला तरी येत नाही! एक खोली आपली आपण सहज होते.

खरं काम रंगाच्या आधीचं. पोपडे पत्रीने खरवडा, भेगा-खिळ्यांची भोकं पुट्टीने बुजवा, वाळली की पॉलिश पेपर मारा (तोंडाला मास्क हवाच, ती धूळ फार बारीक असते). मग ओल्या फडक्याने भिंत पुसून, वाळवून प्रायमरचा एक हात. पुट्टी रंग शोषते, त्यामुळे प्रायमर टाळलात तर डाग उमटतातच. आणि भिंतीला ओल असेल तर आधी गळती काढा. ओलीवर मारलेला महागडा रंगही पुढच्या पावसाळ्यात सुटतो.

दहा बाय बाराची खोली, उंची दहा फूट, म्हणजे भिंती ४४० चौरस फूट. दारं-खिडक्या वजा जाता दोन हातांना साधारण चार लिटर इमल्शन पुरतं. पाणी डब्यावर लिहिलंय तेवढंच घाला. कडा आधी ब्रशने, मधला भाग रोलरने, आणि दोन हातांमध्ये चार तास तरी थांबा.

शेडकार्डवर भुलू नका. चार भिंतींवर तोच रंग गडद वाटतो. छोटा डबा आणून दोन फूट पट्टा मारा, दिवसा आणि रात्री दिव्यात बघा. माझं मत विचाराल तर बेडरूमला मॅट फिनिशच. चकचकीत रंगात भिंतीचा प्रत्येक उंचवटा दिसतो.

कुणी करणार असाल तर आधीचे-नंतरचे फोटो नक्की टाका!